किनाऱ्यावर पक्षी बघत घालवलेला दिवस : तुमचेही अनुभव लिहा

कृष्णाकाठची
आज सकाळी आयर्विन पुलाखाली नदीसुरय सूर मारताना दिसला न एकदम गुहागर आठवलं. मार्च २०१४, रात्री दोनला सांगली सोडली, कराड पाटण करत कुंभार्ली उतरलो, सातला पुळणीवर. चिखल्यांचा हा एवढा थवा! चार पावलं पळायचं, थबकायचं, टिपायचं, परत पळायचं. काहींच्या छातीवर तांबूस रंग चढायला लागलेला, अण्णा म्हणाले लग्नसराई जवळ आली यांची, आता लडाख-तिबेटकडं निघणार. दुर्बीण एकच, ती दिवसभर माझ्याकडंच ठेवली त्यांनी. आत्ता मागच्या महिन्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रोज विचारतात चिखल्या गेले असतील का गं. तुम्ही लिहा, मी त्यांना वाचून दाखवते.

वाईकर
अंजर्ल्याला समुद्री गरुड बघितलाय, पंजात समुद्रसाप लोंबत होता आणि माझा कॅमेरा गाडीत!! अजून झोप लागत नाही आठवलं की

माणदेशी
पहाटे कुंभार्लीच्या अलीकडं चहा कुठं मिळतो? पुढच्या रविवारी निघतोय

वाईकर
कोयनानगरला बघा, पुढं घाटात धुकं असतं, सावकाश जावा

पोळपाट
कुकर लावलाय, पटकन लिहिते. वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेलेलो, तिथं काहीजण फोटोसाठी कुरवांच्या थव्यात पोरं पळवत होते. सारखं उडावं लागलं तर ती पाखरं खाणार कधी, त्यांना महिन्याभरात हजारो किलोमीटर जायचंय. मी बोलले जाऊन, ऐकलं त्यांनी. आणि ताई अण्णांना काळा चष्मा लावूनच न्या, वाळू उडते, आमच्या सासूबाईंना त्रास झालेला

खटावकर
समुद्र नाही पण आमचा येरळवाडीचा तलाव आहे की. पाणी उतरलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, चोच उलटी करून चिखल गाळत बसतात, आमची आजी त्यांना पाव्हणं म्हणायची, जेवली का रं पाव्हणी असं विचारायची रोज संध्याकाळी

कृष्णाकाठची
सगळं वाचून दाखवलं. आजीचं दोनदा वाचायला लावलं. विचारतायत, रोहित आहेत का अजून?

खटावकर
काल होते. पण उन्हं वाढायच्या आत या, सातपर्यंत पोचा. भाकरी आमच्याकडं.