गोळी सुरू करायची घाई नको

ब्राउन शुगर (हेरॉइन) सोडायला बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घरीच सुरू करा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय, तो अजिबात पटला नाही. बुप्रेनॉर्फिन साध्या दुकानात मिळत नाही. सांगली सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करा, नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा. आणि 'गोळीनेच त्रास वाढला' असं काही जण म्हणतात ना, तो बहुधा घाईचा परिणाम. शेवटची ब्राउन शुगर घेऊन १२ तास तरी व्हायला हवेत. जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा अशी नशा उतरल्याची लक्षणं दिसली की मगच डॉक्टर पहिला डोस देतात, साधारण २ ते ४ मिलिग्रॅम. त्याआधी घेतली तर ती आधीच्या नशेला जागेवरून हुसकावते आणि विथड्रॉवल (नशा तुटल्यावर होणारा त्रास) एकदम उसळतो.

गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, ५-१० मिनिटं. गिळली की बरीचशी वाया. सोबत दारू किंवा अल्प्राझोलाम (चिंता-झोपेची गोळी) नको, श्वास मंदावतो.