प्रिया तेंडुलकर म्हणजे फक्त रजनी?

कुणीतरी लिहिलंय की अभिनेत्री प्रिया तेंडुलकर म्हणजे फक्त 'रजनी', त्यानंतर तिने काही केलंच नाही. अहो असं कसं! रजनी ही १९८५ची, दूरदर्शनवरची, बासू चॅटर्जींची मालिका, अन्यायाविरुद्ध भांडणाऱ्या गृहिणीची, आणि गाजली पण तशीच. आमच्या चाळीत कुणी बाई गॅसवाल्याशी तावातावाने भांडायला लागली की बाकीच्या म्हणायच्या, आली बघा रजनी! पण त्याच्या बरंच आधी, १९७४ला, श्याम बेनेगलांच्या 'अंकुर' सिनेमात ती अनंत नागची बायको होती, आणि मराठीत 'मुंबईचा फौजदार' केलाच की रवींद्र महाजनींबरोबर.

मला मात्र ती सगळ्यात जास्त आवडली ती 'हम पांच'मधे. ९५च्या सुमारास झी टीव्हीवर लागायचं. अशोक सराफची वारलेली पहिली बायको, म्हणजे सगळं काम भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत बसून करायचं, हात नाहीत पाय नाहीत, नुसता चेहरा आणि आवाज, आणि तरी ती फ्रेममधून नवऱ्याला अशी काही झापायची की बिचाऱ्याची बोबडी वळायची. करून बघा म्हणावं आताच्या हिरॉइन्सना :)

शिवाय स्वतःच्या नावाचा टॉक शो होता आणि कथा पण लिहायची, 'ज्याचा त्याचा प्रश्न' मिळालं तर वाचा. विजय तेंडुलकरांची मुलगी म्हणून वशिला वगैरे म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा. २००२ला गेली, पन्नाशी पण गाठली नव्हती हो.