नंबर तोच ठेवून स्वस्त कंपनीकडे जाताना काय तपासायचं?

प्रश्न: प्लॅनची किंमत सोडून आणखी काय बघावं?

उत्तर १: किंमतच आधी नीट बघा, दिवसावर काढून. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १३ वेळा भरावा लागतो, महिन्याचा १२ वेळा. फोनच्या सेटिंगमध्ये खरा डेटा वापरही पाहा. अनेक जण गरजेपेक्षा मोठा प्लॅन घेतात.

उत्तर २: कव्हरेजच्या नकाशावर विसंबू नका, भिंतींच्या आतलं त्यात कळत नाही. नव्या कंपनीचं प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून आठवडाभर वापरा, विशेषतः संध्याकाळी. काही स्वस्त कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या दुसऱ्याचं नेटवर्क वापरतात. गर्दीच्या वेळी अशा ग्राहकांचा डेटा मागे ठेवला जाऊ शकतो: सिग्नल फुल्ल, पण पान उघडत नाही.

उत्तर ३: फोन जुन्या कंपनीला लॉक (फक्त तिचंच सिम घेणारा) नाही ना? नव्या नेटवर्कवर त्याचं व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालतं ना? जिथे २जी-३जी बंद झालंय तिथे व्होल्टीशिवाय इंटरनेट चालेल, साधा कॉल लागणार नाही.

आणि कृपया जुनी सेवा स्वतःहून बंद करू नका! पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना, नंबर चालू असावा लागतो. आधी बंद केलात तर तो हातचा जाऊ शकतो. पोर्टच्या दिवशी ओटीपी अडकू शकतात, तेव्हा बँकेची कामं आदल्या दिवशी उरका.