पॅराकोलिक गटर: उजवं आणि डावं यात नेमका फरक काय?

फर्स्ट इयरला आहे. उद्या व्हायवा (तोंडी परीक्षा) आणि पॅराकोलिक गटर, म्हणजे कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) बाहेरच्या कडेची खाच, डोक्यातच शिरत नाहीये, दोन्ही बाजूंना कोलन आहे, दोन्ही बाजूंना पोटाची भिंत आहे, मग सर उजव्यालाच एवढा भाव का देतात?

रात्रपाळी: अरे घराच्या कडेची पन्हळ डोळ्यासमोर आण. असेंडिंग कोलनच्या (उजवीकडे वर चढणाऱ्या मोठ्या आतड्याच्या) बाहेरची उजवी पन्हळ रुंद न खोल, वर थेट लिव्हरखालच्या मॉरिसन पाऊचपर्यंत (लिव्हर आणि उजव्या किडनीमधल्या फटीपर्यंत) मोकळी. डावी अरुंद, आणि वर स्प्लीनपाशी (प्लीहेपाशी) फ्रेनिकोकोलिक लिगामेंटचा, म्हणजे कोलनला डायफ्रामशी जोडणाऱ्या पडद्याचा, बांध आडवा येतो. खाली मात्र दोन्ही पेल्व्हिसमध्येच (कटिपोकळीत) उतरतात. म्हणून अपेंडिक्स फुटलं की पू उजवीकडून वर डायफ्रामखाली जाऊ शकतो, डावीकडे तशी वाट जवळपास अडलेली.

जुना_रेसिडेंट: उलटा प्रवासही लक्षात ठेव, परीक्षक हमखास विचारतात. ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) अल्सर फुटला की आतलं पाणी उजव्या गटरमधून खाली राइट इलियाक फोसात (ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यात) साचतं आणि दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं. याला व्हॅलेंटिनो साइन म्हणतात, मूकपटांचा हिरो रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ मध्ये न्यूयॉर्कला असाच अल्सर फुटून पेरिटोनायटिसने (पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येऊन) गेला.

प्रश्नकर्ता: बांध हा शब्द भारी बसला! मग पेशंट उताणा झोपला तर?

रात्रपाळी: मग वरच्या पोटातलं पाणी मॉरिसन पाऊचकडे. तिथला सगळ्यात खोलगट कोपरा तोच, सोनोग्राफीचा प्रोब पण आधी तिथेच ठेवतात. आता झोप, उद्या चित्र काढून दाखव, उजवी पन्हळ जाड रेघेने.