मदत हवी आहे: रेडिओ श्रोत्यांच्या आकड्यांना लोकसंख्येचं वजन कसं लावायचं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

महालातला आमचा बचत गट पापड, सांडगे, कुरडया करतो. यंदा एफएमवर जाहिरात द्यायची आहे, पैसे मोजकेच आहेत. एका वाहिनीच्या दरपत्रकावर 'शहरात सर्वाधिक ऐकली जाणारी' असं छापलंय. किती जणांना विचारलं, ते कोणत्या वयाचे, हे दोनदा विचारूनही सांगितलं नाही. टॅम या संस्थेची 'रॅम' ही रेडिओ श्रोत्यांची पाहणी २००७ मध्ये मुंबई, दिल्ली, बंगळुरूत सुरू झाली, पुढे कोलकात्यात. शहरामागे ४८० जण कधी काय ऐकलं याची डायरी भरत. नागपूर त्यात नव्हतं.

म्हणून आम्हीच आठवड्याच्या डायऱ्या वाटल्या. पंधरा मिनिटांचा एक रकाना, त्यात निदान पाच मिनिटं ऐकलं तर खूण. २४० परत आल्या. पुतण्याने हॉस्टेलवर गठ्ठाच दिला होता, त्यामुळे ९६ डायऱ्या अठरा ते तीस वयाच्या मुलांच्या, आणि पन्नाशीपुढच्या बायका फक्त ९. घरात पापड कोणते आणायचे ते तर त्याच ठरवतात!

समजा लोकसंख्येच्या प्रमाणात ४० मुलं आणि २४ बायका हव्या होत्या. मग वजन म्हणजे हव्या त्या संख्येला आलेल्या डायऱ्यांनी भागायचं: मुलाचं ०.४२ आणि बाईचं २.६७, म्हणजे एक बाई सहा मुलांहून भारी. एका आजींनी सकाळी सहा ते दहा सगळे रकाने विविध भारतीने भरलेत, पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलंय. त्या एका डायरीने अख्खी सकाळ फिरते. हे बरोबर आहे का?

शिवाय लोकसंख्या कोणती धरू? २०११ च्या जनगणनेत शहराची २४,०५,६६५ आहे, पण त्यानंतर बेसा, मनीषनगरकडे किती वस्ती वाढली! कामठी महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण एफएम तिथेही लागतं आणि आमचा मालही जातो. जरीपटक्यातली सिंधी घरं, मोमिनपुऱ्यातली उर्दू बोलणारी घरं, त्यांच्यासाठी भाषेचंही वजन लावायचं का?

प्रतिसाद:
ताई, वय, लिंग, भाषा यांचे एकत्र कप्पे पाडू नका, एकेका कप्प्यात दोन-तीनच डायऱ्या उरतील. आधी वयाची बेरीज लोकसंख्येशी जुळवा, मग लिंगाची, मग भाषेची, आणि सगळं बसेपर्यंत हाच फेरा पुन्हा करा. वजनांच्या बेरजेच्या वर्गाला वजनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. २४० पैकी खरोखर किती डायऱ्यांचं बळ उरलं ते कळेल. हद्द मात्र जिथे माल विकता तीच धरा, कामठीसकट. पण आजींसारख्या नऊच असतील तर वजन लावून भागणार नाही. त्या वयाच्या आणखी डायऱ्या आणा.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार! गुरुवारी आमच्या भजनी मंडळात पंचवीस डायऱ्या वाटते, दहा कामठीच्या मावशीकडे पाठवते. परत आल्या की वजनांचा तक्ता इथेच टाकीन, तेवढा तपासून द्या.