क्रॅन्कवरील दातेरी चाक: वेग वाढताच टायमिंग मागे का सरकते?

प्रश्न
चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनातील पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वेळ ठरवणारे व ती सिलिंडरांना वाटणारे यांत्रिक भाग) काढून मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवत आहे. क्रॅन्कच्या पुलीवर ३६ पैकी एक दात गाळलेले चाक असून त्यासमोर दोन तारांचा चुंबकीय सेन्सर आहे. कंट्रोलरमध्ये टायमिंग (पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १० अंशांवर कायम ठेवले असूनही टायमिंग लाइटमध्ये (ठिणगीसोबत चमकणाऱ्या मोजणीच्या दिव्यात) ते १००० आरपीएमला १० अंश, तर ४००० ला केवळ ४ अंश दिसते. शिवाय स्टार्टर फिरवताना कंट्रोलरला कधी कधी गाळलेला दात ओळखता येत नाही. या सेन्सरऐवजी हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र थेट ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) लावावा का?

उत्तर १
आधी सेन्सरच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. दात जवळ येताना व्होल्टेज चढते आणि दात बरोबर समोर आला की ते झपाट्याने शून्य ओलांडून खाली जाते. बहुतेक कंट्रोलर हाच तीव्र उतार टिपतात. तारा उलट जोडल्या असतील तर टिपला जाणारा उतार दोन दातांमधल्या खाचेत येतो, आणि गाळलेल्या दाताच्या जागी व्होल्टेज बराच वेळ शून्याजवळ रेंगाळत असल्याने तिथे उतार टिपला जाण्याचा क्षण वेगाप्रमाणे पुढेमागे होतो. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) हे लगेच दिसेल.

उत्तर २
वरील निदान मलाही अधिक संभाव्य वाटते, कारण १००० आरपीएमला क्रॅन्क एका मिलीसेकंदात ६ अंश आणि ४००० ला २४ अंश फिरतो, म्हणजे केवळ सर्किटच्या विलंबाने ६ अंशांचा फरक पडायला तो विलंब ०.३३ मिलीसेकंद असावा लागेल, जो चांगल्या सर्किटसाठी फारच मोठा आहे. तरीही २००० आणि ३००० लाही मोजावे. ८ आणि ६ अंश आले, म्हणजे घट वेगाच्या प्रमाणात असली, तर दोष विलंबाचाच समजावा.

उत्तर ३
स्टार्टरवरच्या अडचणीसाठी गाळलेल्या दाताची जागा तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॉम्प्रेशनमुळे टीडीसीजवळ (पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीजवळ) क्रॅन्क मंदावतो आणि साध्या दोन दातांमधला वेळही गाळलेल्या दाताइतका लांबू शकतो. चार सिलिंडरच्या इंजिनात टीडीसी दर १८० अंशांनी येत असल्याने, गाळलेला दात सेन्सरसमोर येण्याची वेळ दोन टीडीसींच्या मधोमध, म्हणजे टीडीसीपासून सुमारे ९० अंशांवर ठेवावी. कमी वेगात चुंबकीय सेन्सरचे व्होल्टेजही क्षीण असते, म्हणून दात व सेन्सर यांतील अंतर एक मिलिमीटरच्या आत असावे. हॉल सेन्सरला वेगळा वीजपुरवठा लागतो, पण त्याचा सिग्नल वेगावर अवलंबून नसतो. वरील सर्व तपासूनही सुरुवात अडखळली तरच तो खर्च करावा.