मदत हवी आहे: इंजिन जाम, किक खालीच जात नाही

महालचा_पोट्टा
मंडळी, गाडी बरीच वर्षं घरी उभी होती. आता इंजिन जाम आहे. किकवर मी उभा राहिलो, मग भाऊ उभा राहिला, इंचभरही हलत नाही. डिझेल टाकून पाहिलं, फरक नाही. दसऱ्याला पूजा करून बाहेर काढायचीच आहे, म्हणजे हातात 18 दिवस. मिस्त्रीकडे न्यायची नाही, घरीच करायचंय. पुढे काय करू ते सांगा. उद्या सुट्टी आहे म्हणून घाई.

लेथवाला_हिंगणा
कोणती गाडी? किती वर्षं उभी? छपराखाली की उघड्यावर? डिझेल कुठं टाकलं, किती वेळ ठेवलं? "गाडी जाम आहे" म्हणजे "पेशंटले दुखून राहिलं" असं झालं भाऊ. कुठं दुखते ते तर सांग.

बुलेटकाका
सोपं आहे. जुनं इंजिन ऑईल पूर्ण काढा, नवीन भरा. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग पाहा, व्हॉल्व्ह अडकला तरी किक अडते. मग डीकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी लिव्हर, दाबून हळूहळू किक द्या. माझी 1986 ची चार वर्षं उभी होती, अशीच सोडवली आणि त्याच महिन्यात छिंदवाड्यावरून पचमढीला जाऊन आलो. सौंसरला थांबून भजी खाल्ली होती, ती चव अजून आठवते.

महालचा_पोट्टा
काका, याला टॅपेट नाहीत. टू-स्ट्रोक येझदी आहे, रोडकिंग. सांगायचं राहिलं. बाबांची, 1984 ची.

बुलेटकाका
मग आधी सांगायचं नं बापा. तरी ऑईल बदलाच.

टूस्ट्रोक_सदर
येझदी म्हटल्यावर पहिला प्रश्न, इंजिनच जाम आहे हे कशावरून ठरवलं? हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहे. किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचवर आणि क्लचमधून क्रँकवर, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणाऱ्या दांड्यावर जातो. मधे कुठंही अडकलं तरी तुला "किक जात नाही" एवढंच दिसणार. न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहा, मागचं चाक हातानं फिरव. मग क्लच दाबून धर आणि किक हातानं खाली ने, पायानं नाही. क्लच दाबल्यावर किक गेली, तर अडकलंय ते इंजिन. तरीही नाही गेली, तर किकच्या बाजूला काहीतरी अडकलंय.

महालचा_पोट्टा
न्यूट्रलमध्येच आहे, चाक फिरते. क्लच दाबून पण किक नाही जात. म्हणजे इंजिन चांगलं आहे? मग चालू करून पाहू का?

टूस्ट्रोक_सदर
अरे थांब. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात. लिव्हर दाबूनही त्या सुटत नाहीत, म्हणजे ही परीक्षा अर्धीच झाली. आता उजवीकडचं कव्हर काढ. क्रँकच्या टोकाला बोल्ट दिसेल, त्याला पाना लाव आणि आवळायच्या दिशेनंच अलगद जोर दे. उलट्या दिशेनं दिलास तर बोल्टच सुटून हातात येईल आणि तू इथं "सुटलं सुटलं" म्हणून नाचशील. पान्याला पाइप लावू नको.

आरएक्स_जरीपटका
एवढा अभ्यास कशाला? अर्धं एसीटोन, अर्धं पॉवर स्टिअरिंगवालं ऑईल. प्लगच्या भोकातून ओता, दोन दिवस ठेवा, काम फत्ते. माझी आरएक्स 100 अशीच सुटली. डिझेल आजोबांच्या काळातलं.

लेथवाला_हिंगणा
एसीटोन आणि ते ऑईल मिसळूनच राहत नाही. बाटली अर्धा तास ठेवून पाहा, दोन थर दिसतील. दर वेळी हलवून ओतावं लागते. आणि एसीटोन घरात, देवघरात दिवा लागलेला. जपून.

आरएक्स_जरीपटका
मी हलवूनच ओतलं होतं. गाडी सुटली, हे महत्त्वाचं नं?

नंदनवन_77
कोक टाका. दोन लिटरची बाटली. यूट्यूबवर पाहिलं, गंज पार निघते.

टूस्ट्रोक_सदर
कोक टाकून इंजिनात साखरेचं पाणी भरायचं, मग मुंग्या बोलवायच्या. त्यातलं आम्ल इतकं सौम्य असते की वरचा डाग निघेल, पिस्टनची अडकलेली रिंग नाही सुटणार. आणि मागे उरणारं पाणी तळाच्या बेअरिंगला खाऊन टाकेल.

आरटीओ_माहितगार
गाडीचं आरसी चालू आहे का? 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. न करता रस्त्यावर काढली तर दंड. आणि विंटेज म्हणून वेगळी नोंदणी हवी असेल तर 2021 च्या नियमानुसार गाडी 50 वर्षांहून जुनी पाहिजे. 1984 ची विंटेज होत नाही, फक्त जुनी होते. विंटेजला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे 20,000 रुपये लागतात.

महालचा_पोट्टा
आरसीचं मी काही विचारलंच नाही. आधी किक तर जाऊ द्या.

बुलेटकाका
50 वर्षांहून जुना तर मी पण आहे. मला कोणता नंबर देता?

टूस्ट्रोक_सदर
मूळ मुद्द्यावर या. पोट्ट्या, प्लग काढून टॉर्च टाकून पाहिलं का? पिस्टन वर आहे की खाली? विणकामाची सुई किंवा स्ट्रॉ भोकातून सोडून खोली माप. हे का विचारून राहिलो, तर टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बाजूनं पोर्टची भोकं असतात. पिस्टन खाली बसला असेल तर ती उघडी राहतात. मग तुझं डिझेल पिस्टनवर थांबलंच नाही, खाली चेंबरात नाही तर सायलेन्सरमध्ये गेलं.

महालचा_पोट्टा
प्लग काढायचा प्रश्नच नाही, प्लग नव्हताच. एका मिस्त्रीनं काढला होता बहुतेक, तेव्हापासून भोकात कापडाचा बोळा आहे. त्या बोळ्यावरच डिझेल ओतलं मी.

लेथवाला_हिंगणा
हे आत्ता सांगून राहिला?? राजेहो, तीन दिवस झाले आपण इथं डोकं फोडून राहिलो. किती वर्षं होता तो बोळा?

महालचा_पोट्टा
2013 पासून असेल. गाडी जिन्याखाली होती, वरून पाण्याची टाकी ठिबकायची. मला वाटलं कळलं असेल, जुन्या घरात ठिबकतंच.

टूस्ट्रोक_सदर
कळलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं कापडानं पाणी शोषलं आणि सिलिंडरला पाजलं. आता पोळा झाला, इडापिडा घेऊन जाणारी मारबत गेली, घेऊन जा गे मारबत म्हणताना तुझा गंज मात्र घरीच राहिला.

आता नीट ऐक. ओतून सोडवायचे दिवस गेले, हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण काढ. आधी पेट्रोलची टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेव. हेडचे नट तिरप्या क्रमानं, प्रत्येकी पाव फेरा असे ढिले कर. आत पिस्टनच्या वरच्या भिंतीवर गंजाचा थर दिसेल. सगळे पिस्टन ठोकायला धावतात, पण अडथळा बऱ्याचदा तो वरचा गंज असतो. रिंगला तिथून वर यायचं असते. बारीक पॉलिश पेपर डिझेलमध्ये भिजवून आधी ती भिंत साफ कर, निघालेली घाण कापडानं पुसून काढ. मग पिस्टनच्या कडेकडेनं तेल सोड आणि रोज बोल्टवर थोडा जोर दे, इकडे-तिकडे नाही, एकाच दिशेनं.

लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचं असेल तर आधी पिस्टन कुठं आहे ते पाहा. अगदी वर किंवा अगदी तळाला असेल तर ठोकून काही होत नाही, सगळा दणका सरळ क्रँकच्या बेअरिंगवर जातो. मधे असेल तरच, तेही हलक्या हातानं, लाकडावरूनच.

नंदनवन_77
नवीन येझदी आली आहे नं बाजारात, शोरूममधून पार्ट घ्या. सगळं नवीनच टाकून द्या.

लेथवाला_हिंगणा
नवीनशी हिचा नावापुरता संबंध. ती 334 सीसीची फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. ही 65 मिमी बोअर आणि 75 मिमी स्ट्रोकची 250 सीसी, म्हैसूरच्या कारखान्यातली, तो 1996 मध्ये बंद झाला. हिचे पार्ट आता नव्यानं बनवलेले मिळतात, चांगलेही आणि भंगारही. पिस्टन हातात घेतल्याशिवाय बॅरल, म्हणजे सिलिंडर, बोअर करायला (आतून कापून मोठा करायला) देऊ नको. लेथवाल्याला पिस्टन मोजू दे आणि त्या मापानं बोअर करू दे. उलटं केलंस तर पहिल्या दहा किलोमीटरला परत जाम.

आरएक्स_जरीपटका
माझी एसीटोननं सुटली ती दोन वर्षं चालली, बोअर न करता.

टूस्ट्रोक_सदर
आणि मग?

आरएक्स_जरीपटका
मग विकली.

टूस्ट्रोक_सदर
हं.

पोट्ट्या, पिस्टन सुटला की आनंदानं पेट्रोल टाकून किक मारू नको. टू-स्ट्रोकच्या तळाच्या बेअरिंगला वेगळं ऑईल नाही, पेट्रोलमधून जाते तेवढंच. इतकी वर्षं तो तळ कोरडा आणि ओला असा दोन्ही राहिला. बेअरिंग गंजलेलं असेल तर चालू होईल, छान आवाज काढेल, आणि आठवड्यात पिस्टन-क्रँक जोडणारा रॉड खाईल. क्रँकची ऑईल सीलंही कडक झाली असतील. त्यातून हवा ओढली गेली की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होते, मग पिस्टन तापून पुन्हा चिकटते. दसरा विसर. पुढच्या दसऱ्याचं बोल.

महालचा_पोट्टा
पुढच्या दसऱ्याचं नका सांगू दादा. बाबा या वर्षी रिटायर झाले, त्यांना याच वर्षी दाखवायची आहे. आई आधीच म्हणते की जिन्याखाली भंगार ठेवून बसला.

बुलेटकाका
बेटा, बंद गाडी पुसून, हार घालून उभी केली तरी पूजा होते. माझ्या वडिलांची सायकल आम्ही तशीच पुजायचो, तिला तर चेनही नव्हती.

टूस्ट्रोक_सदर
काकांनी पहिल्यांदा कामाचं सांगितलं.

नंदनवन_77
पेट्रोलच्या टाकीतला गंज काढायला कोक चालतो का?

लेथवाला_हिंगणा
कोकनं किती आणि काय काय करायचं असते तुम्हाला? टाकीला पांढरं व्हिनेगर चालते. आत मूठभर नट टाका, हलवा, एक-दोन दिवसांनी काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. ओली ठेवली तर संध्याकाळपर्यंत परत लाल.

महालचा_पोट्टा
अपडेट. हेड निघालं. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, ते आधी फोडलं. आत भिंत चॉकलेटी झाली आहे, पिस्टन मधल्याच्या जरा खाली. तीन दिवस वरची भिंत घासली, रात्री डिझेल आणि ऑईल सोडत गेलो. आज सकाळी बोल्टवर पाना लावला आणि टक्क आवाज आला. मला वाटलं बोल्ट तुटला. पण पिस्टन सुताएवढा वर सरकला होता.

आरएक्स_जरीपटका
एसीटोननं पहिल्याच दिवशी सुटला असता.

टूस्ट्रोक_सदर
वा! आता तिथंच थांब. वर सरकला तर वरची भिंत पुन्हा साफ कर, तेल सोड, मग परत. पूर्ण वर आला की बॅरल सरळ वर उचल, पिळू नको. पिळलंस की रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकून मोडते. बाहेर निघालं की रॉड धरून खाली-वर हलवून पाहा. खालच्या टोकाला वर-खाली खेळ लागला तर क्रँक उघडावा लागेल. बाजूला जरा सरकते ते चालते.

महालचा_पोट्टा
बॅरल निघालं काल रात्री. रिंगा तीन तुकड्यांत आल्या. इतवारीच्या लोहा ओळीजवळ एका लेथवाल्याकडे मोजलं, तो म्हणाला एक साइज वर करून चालेल. रॉड वर-खाली हलतो. थोडासाच, पण हलतो. कट्ट कट्ट आवाज येतो. हे चालेल का?

लेथवाला_हिंगणा
नाही चालणार. क्रँक प्रेसवर उघडून नवीन पिन, रोलर, रॉड. आणि बसवताना तो सरळ आहे का हे डायल गेज लावून पाहणारा मिस्त्री शोध, घरी हातोड्यानं नाही. कुठला विचारतोस तर हिंगण्यात ये. पत्ता इथं नाही लिहीत, निरोप पाठव.

महालचा_पोट्टा
निरोप पाठवला. क्रँकला किती दिवस लागतील?

लेथवाला_हिंगणा
पिन मिळाली तर चार. न मिळाली तर देव जाणे. हार तयार ठेव.